तुम्ही आहात का?

५ जानेवारी
कॉलेजच्या लायब्ररीतली अभ्यासिका आजपासून माझ्या ताब्यात. वीस कॉम्प्युटर, प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स. मुलं आपापली शिकणार, मी काचेच्या केबिनमधून देखरेख करणार. नियम भिंतीवर लावले: बोलायचं नाही, दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघायचं नाही, शंका चॅटबॉक्समध्ये टाकायची. मुलांशी ओळख वाढवायची नाही, हा नियम माझ्यापुरता. तो लावला नाही.
मार्चमध्ये समिती येणार. प्रयोग जमला तर माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू. प्राचार्यांना सांगितलं, जमणार.

८ जानेवारी
एक अट कळली. देखरेख करणाऱ्यानेही कोर्स पुरवणाऱ्या कंपनीचा 'स्वयंअध्ययन' कोर्स पूर्ण करायचा. सोपा आहे. मुलांच्या कोर्ससारखाच यातही व्हिडिओ चालू असताना अधूनमधून स्क्रीनवर प्रश्न येतो: 'तुम्ही आहात का?' 'हो' दाबलं नाही तर टुंग-टुंग वाजत राहतं आणि हजेरी कापली जाते. या सिस्टिमला फसवणं अशक्य.
सिद्धेश्वरी म्हणून एक मुलगी आहे, कानडी सीमेवरच्या मैंदर्गीची. केबिनच्या दारात येऊन म्हणाली, "अक्का, हे रिकर्शन डोक्यात शिरंना की." चॅटबॉक्सकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणायचं, हेही सांगितलं.

१२ जानेवारी, दुपार
मुलं काचेतून हात करतात. आतून कागद चिकटवला. येण्याजाण्याला केबिनचं मागचं दार आहे. तसंही माझ्या स्क्रीनवरच्या डॅशबोर्डवर सगळं दिसतं.
चॅटबॉक्स रिकामा. म्हणजे मुलांना सगळं समजतंय.

१५ जानेवारी, संध्याकाळ
गड्ड्याची यात्रा, शहराची संक्रांतीची जत्रा. होम मैदानावर शोभेचं दारूकाम. अर्धं शहर तिकडे. सुट्टीतही अभ्यासिका उघडी ठेवायचा आग्रह माझाच. डॅशबोर्डवर वीसच्या वीस सीट हिरव्या, म्हणजे हजर! समाधान वाटलं.
मीही गेले. मोबाईल नेटवर्क तपासायला. पाळण्याच्या रांगेत सिद्धेश्वरीसारखी एक मुलगी दिसली. तिने हात केला. डॅशबोर्ड उघडला: सिद्धेश्वरी, सीट सात, हिरवी. म्हणजे ती नव्हे. पाळण्याला दिवे फार होते.

२ फेब्रुवारी
माझा कोर्स अजून दुसऱ्याच व्हिडिओवर. डॅशबोर्डवर लक्ष ठेवायचं तर वेळ कुठून काढणार? उद्यापासून रोज एक व्हिडिओ. नक्की.
अभ्यासिकेच्या झाडलोटीला राजाबाई आहेत, मोहोळकडच्या. टेबलांमधून सारख्या फिरतात, केबिनपर्यंत पावलं ऐकू येतात. मुलांचं लक्ष उडेल म्हणून केबिनमध्ये बोलावून समज दिली. म्हणाल्या, "फिरल्याबिगर कसं चालंल मॅडम? लई वाजतंय त्ये." काय वाजतं, ते विचारलं नाही. विचारलं की बोलणं वाढतं.

१८ फेब्रुवारी
आज व्हिडिओ चालू ठेवून जेवायला गेले. परत आले तर हजेरी शाबूत. सिस्टिम माझ्या वेगाशी जुळवून घेते आहे. चांगली बांधणी. डॅशबोर्डचा हिरवा रंग थोडा गडद केला.

४ मार्च
समिती आली. मी अभ्यासिकेचं दार उघडलं.
वीस हिरव्या स्क्रीन. वीस खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर एकेक नॅपकिन, एसटीत खिडकीतून टाकून जागा धरतात तसा. माणूस एकच, राजाबाई.
सीट सातवर टुंग वाजलं. राजाबाईंनी पदराला हात पुसले, जाऊन 'हो' दाबलं. समितीतल्या बाईंनी विचारलं, हे काय करताय? "ते इचारतंय, तुमी हाय का म्हनून. मी हाय की. मग हो म्हनते. कुणी इचारल्यावर गप बसावं व्हय?"
आणि मुलं? "जिन्यात. हितं बोलायचं न्हाय म्हनल्यात न्हवं मॅडम."
जिन्यात सगळे एका लॅपटॉपभोवती. सिद्धेश्वरी रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्रॅम, समजावत होती, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. चन्नवीर नावाचा मुलगा भांडत होता: "ए शाणे, मग त्यानं थांबायचं कुठं?" "थांबायची अट तूच घालायची, येड्या. नायतर स्वतःलाच हाका मारत बसतंय, तुझ्या आज्जीवानी." सगळे हसले. चन्नवीरने पुन्हा कोड लिहिला. चालला.
समितीतल्या बाई पायरीवरच बसल्या. मी उभी राहिले. पद्धत तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती, हे सांगायचं होतं. कुणी वर बघेना.

११ मार्च
निर्णय आला. अभ्यासिका चालू राहणार. बोलायला परवानगी. देखरेखीला वेगळ्या माणसाची गरज नाही. म्हणजे माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपणार.
त्याच दुपारी कंपनीचा मेल. माझा 'स्वयंअध्ययन' कोर्स पूर्ण झाला. उपस्थिती शंभर टक्के. मी स्वतः तिसऱ्या व्हिडिओच्या पुढे गेलेली नाही; पुढचे आपोआप चालू राहत. मात्र केबिन झाडायलाही राजाबाईच येतात.
प्रमाणपत्राची प्रिंट ऑफिसातून त्यांनीच आणून दिली. "पास झालो की मॅडम! लई दिस लागले आपल्याला."
नावाचं स्पेलिंग तपासलं. बरोबर आहे.