अर्धा मिटलेला व्हॉल्व्ह

अण्णा, माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. लेकीचा पाळणा, गॅरेजमधलं कपाट, मागच्या अंगणातली शेड, आणि गेल्या वर्षी पंपातलं फिरणारं चाक लेथवर कापून लहान केलं. शेवटचं तुम्हाला पटणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

नगरपालिकेचा तुमचा पंप गावाच्या गरजेपेक्षा मोठा होता. त्याच्यापुढचा व्हॉल्व्ह तुम्ही कायम अर्धा मिटलेला ठेवायचात. एकदा तुम्ही जेवायला बसलात आणि मी हुशारी करून तो पूर्ण उघडला. मोटर तापून बंद पडली. डबा तसाच टाकून तुम्ही धावत आलात. "शहाण्या, पंप तुझ्या बापाचा आहे का?" मी म्हणालो, "चालवतो तर बापच." तुम्ही तोंड फिरवलंत, पण खांदे हलताना मला दिसले. मग माझा हात व्हॉल्व्हच्या चाकावर धरून अर्ध्यावर थांबवलात. "इथं. हाताला लक्षात राहू दे."

राहिलं. इथे परदेशात, हॅमिल्टनजवळच्या गावातही तोच प्रकार, मोठा पंप आणि अर्धा व्हॉल्व्ह. म्हणजे ब्रेक दाबून गाडी पळवायची. वीज जळते ती त्या व्हॉल्व्हशी झगडण्यात. नव्या पंपाला काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, पैसे नव्हते. मी तिथल्या माझ्या साहेबाला म्हटलं, पंपातलं चाकच लहान करू. पण जास्त कापलं तर टेकडीवरच्या घरांना पाणी चढणार नाही, आणि कापलेला धातू परत जोडता येत नाही. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाचा हिशेब, तरी साहेब इथल्या बोलीत 'चालेल' म्हणाला, "स्वीट ॲज. टेकडीवरून फोन आले तर तू घ्यायचेस."

कापलेलं चाक बसवून पंप सुरू होतो. मी व्हॉल्व्ह उघडत जातो आणि अर्ध्यावर हात थांबतो. साहेब विचारतो, "जाम झाला?"

"नाही," मी म्हणतो, "माझे वडील."

मी पूर्ण उघडतो. मोटर गार. टेकडीवरच्या शेवटच्या नळाला पाणी आलं, फोन एकही नाही, आणि महिन्याचं विजेचं बिल साहेबानं दोनदा वाचलं.

मग ईस्ट टामाकीच्या एका पंप कंपनीनं नोकरीला बोलावलं. काम काय, तर गावोगाव फिरून जुने पंप काढून नवे घ्या म्हणायचं. घरी सांगितलं, कंपनीकडून पुढे उत्तरच आलं नाही. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. मीच त्यांना 'नको' म्हणून कळवलं. वर्षाला नव्वद हजार डॉलर देत होते.