सायकलमागची डबी

प्रिय बारक्या,

तुझं पोट बघता हे नाव आता बदलायला हवं, पण या वयात मला नवं काही पाठ होत नाही, तेव्हा चालवून घे.

रविवारी फोनवर तू विचारलंस, बाबांची सायकल विकली का, हो की नाही एवढंच सांग. मी म्हटलं, लिहून कळवते. तू हसलास. ताई, आजकाल पत्रं कोण लिहितं, म्हणालास. ज्याला मध्येच कुणी तोडू नये असं वाटतं, तो लिहितो. फोनवर तू माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तिसऱ्याचं उत्तर देतोस. पत्राचं तसं नसतं. शेवटपर्यंत वाचावं लागतं, आणि मधूनच शेवट बघितलास तर मला इथे बसून कळेल.

तर सायकल. त्या ट्रकचा आरसा बाबांच्या टोपीला लागून टोपी उडाली, तेव्हापासून ती विकायची हे आपलं ठरलंच होतं. म्हणजे तू ठरवलंस आणि मी 'हं' म्हटलं. ट्रकवाला म्हणे केव्हाचा हॉर्न वाजवत होता. वाजवत असेलही बिचारा. तू पाठवलेलं कानाचं मशीन बाबा शर्टाच्या खिशात ठेवतात. सायकलवर वारं लागलं की कानात कुकरच्या शिट्ट्या वाजतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सध्या त्यांच्या खिशाला उत्तम ऐकू येतं.

मी सायकलला कुलूप घातलं होतं, हे तुला सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. बाबांनी कुलपाकडे बघितलं, किल्ली मागितली नाही, आणि दुकानाकडे चालत निघाले. दुकानात आता आहे काय, तर कुणाच्या तरी पँटची चेन आणि कुणाची तरी ढिली झालेली कंबर. पण शिलाई मशीनवरचं कापड रोज सकाळी त्यांच्या हातानंच उघडलं पाहिजे. संध्याकाळी परत आले तेव्हा उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. सायकल चालवताना तो गुडघा कुरकुर करत नाही, चालताना करतो. असं का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, पण आहे ते असं आहे. रात्री मी गुडघा शेकून दिला आणि सकाळी कुलूप काढलं. तुला म्हटलं, बघू, गिऱ्हाईक शोधतेय. गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी त्यांच्या मागून गाडी चालवायला लागले. आपली तीच गाडी, जिला बाबा पहिल्या दिवसापासून डबी म्हणतात. साबणाची डबी. तीत चार माणसं बसतात असं कंपनीचं म्हणणं आहे. कंपनीची माणसं बारीक असावीत. दुकान माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे असं मी स्वतःला पटवलं. ते वाटेवर नाही हे तुलाही माहीत आहे.

दुसऱ्या गिअरमध्ये, चारी दिवे लुकलुकवत, एका म्हाताऱ्याच्या पाठीमागून जाणं म्हणजे काय, ते तुझ्या त्या हत्तीएवढ्या गाडीत बसून कळायचं नाही. मागे हॉर्नची रांग लागते. एक गृहस्थ सिग्नलला उतरून आले आणि फार अदबीनं म्हणाले, बाई, ढकलायला येऊ का? मी म्हटलं, या की, रोजच लागतं. एकीनं काच खाली करून मला कुठे शिकलात म्हणून विचारलं. गॅरेजवाला म्हणतो, ताई, ही तिसरी क्लच प्लेट, तुम्ही डोंगर चढता का? या गाडीवाल्यांना सायकल दिसली की ती रस्त्यावर सांडलेली वस्तू वाटते. कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी, म्हणजे आपल्याला जाता येईल. माझ्यामुळे निदान त्या वस्तूमागे एक डबी दिसायची. डबीला धडकलं तर स्वतःच्या गाडीला पोचा येतो, एवढं सगळ्यांना समजतं.

बाबांना हे माहीत होतं का, असं तू विचारशील. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पण आयुष्यात कधी वळताना हात न दाखवणारा माणूस हल्ली वळणाच्या कितीतरी आधीपासून हात लांब करून धरायचा, वाळत घातलेल्या बाहीसारखा. मी सिग्नलला अडकले तर पुढे कडेला थांबून चेन तपासत बसायचे. चेन कधीच पडलेली नसायची. मी मागे आले की कापड झटकल्यासारखे हात झटकून पुन्हा निघायचे. मागे वळून एकदाही बघितलं नाही.

माझं ऑफिस तुला माहीत आहे. गाड्यांच्या विम्याचे दावे वाचते, इतकी वर्षं तेच वाचते. माणूस कितीही शिकलेला असो, लिहितो एकच: मी माझ्या बाजूने सावकाश चाललो होतो आणि सायकल अचानक आडवी आली. सगळ्या सायकली अचानक येतात. जमिनीतून उगवतात, झाडावरून पडतात. आमच्या टेबलावर हा जुना विनोद आहे. नवीन दावा आला की मी विचारते, काय गं, अचानक का? आणि शेजारची म्हणते, अगदीच अचानक.

तर मागच्या मंगळवारची गोष्ट. बाबांनी नेहमीसारखा हात लांब केला आणि दुकानाच्या गल्लीत डावीकडे वळले. त्यांच्या मागे मीही वळले. तेवढ्यात डबीच्या टपावर फाडकन थाप बसली आणि काहीतरी पत्र्यावर घासत गेलं. ब्रेक लावून उतरले, तर डाव्या दाराला चिकटून एक नर्स उभी, एक पाय जमिनीवर, सायकल तिरकी, आणि तिचा जेवणाचा डबा गटाराच्या जाळीपर्यंत गडगडत गेलेला. लागलं नव्हतं तिला. कोपर खरचटलं होतं, तेवढंच. पण थाप मारायला तिला क्षणभर उशीर झाला असता तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं.

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? अहो, तुम्ही अचानक आलात.

ती काही ओरडली नाही. दमलेली होती, रात्रपाळी करून आली असणार. म्हणाली, अचानक कुठे, मी पुलापासून तुमच्या शेजारीच आहे. तुम्ही सावकाश जाता म्हणून मला बरंही वाटत होतं. मग माझ्याकडे जरा टक लावून बघत राहिली. माझ्या डाव्या बाजूला सरकली आणि म्हणाली, समोरच बघा, आणि सांगा मी किती बोटं धरलीयत. मी म्हटलं, कुठली बोटं?

तोवर बाबांनी पहिल्यांदाच मागे वळून बघितलं होतं, आणि डबी नाही म्हणून ते परत आले होते. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं, पण बघितलं सगळं. त्यांनी जाळीपाशी वाकून डबा उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि त्या मुलीच्या हातात दिला.

डोळ्यांच्या डॉक्टरनं एका पांढऱ्या वाडग्यात माझं डोकं घातलं. आत ठिपक्याएवढे दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं पटापट झालं. डाव्याच्या वेळी मी बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी म्हटलं, अहो, तुमचं मशीन बंद पडलंय. ती म्हणाली, नाही, चालू आहे. काचबिंदू. डाव्या बाजूची कडेची नजर गेली आहे. गेली ती परत येणार नाही, उरलेली टिकावी म्हणून थेंब दिलेत. मग मला उगाचच डबीचे डाव्या अंगावरचे सगळे ओरखडे आठवले. प्रत्येकासाठी मी सोसायटीतल्या कुणा ना कुणाशी भांडले होते. त्यातल्या दोघांची माफी मागून झाली. तिसरा जरा मिजाशीत आहे, त्याची पुढच्या आठवड्यात.

म्हणजे बघ, पुढे ऐकू न येणारे बाबा, मागे कडेचं न दिसणारी मी, आणि अशी आमची राखण चालली होती. हा दावा माझ्या टेबलावर आला असता तर आम्ही दिवसभर हसलो असतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, सायकल थांबलेली नाही. डबी थांबली आहे. डॉक्टरनं गाडी चालवायला मनाई केली आणि त्याच संध्याकाळी मी किल्ली बाबांच्या शिलाईच्या डब्यात, बटणांखाली टाकली. दुसऱ्या दिवशी बस पकडायला निघाले, तर बाबा सायकल घेऊन फाटकाशी उभे. चल म्हणाले. बसले नाहीत सायकलवर, हातात धरून चालत आले, स्टॉपपर्यंत, त्या गुडघ्यावर. मी त्यांच्या डावीकडून चालायला लागले की वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येतात. मी मुद्दाम बाजू बदलून बघितली, पुन्हा तेच. रोज असंच. मी बसमध्ये चढले की मग ते सायकलवर बसतात आणि पुलाकडे जातात, एकटे. मागे कुणी नसतं. मी खिडकीतून त्यांची पाठ वळणापर्यंत बघते, आणि मग ऑफिसात दिवसभर प्रत्येक दावा उघडताना आधी सायकलवाल्याचं नाव बघते.

यासाठीच लिहिलं. तू पुढच्या महिन्यात सायकल विकायला येणार आहेस, त्याऐवजी आत्ता ये. रजा काढ. तुझी हत्तीण तिथेच ठेव, डबी घेऊन थोडे दिवस त्यांच्या मागून जा. दुसरा गिअर, चारी दिवे, हॉर्न वाजवायचा नाही, आणि ते चेन बघायला थांबले की आपणही थांबायचं, विचारायचं नाही. त्यानंतरही सायकल विकावी असं तुला वाटलं, तर तू त्यांना सांग, मी मध्ये पडणार नाही. मी दमले आहे रे. किल्ली कुठे आहे ते वर लिहिलंच आहे. फक्त वळताना डावीकडे मान वळवून बघत जा. ती नर्स त्याच रस्त्यानं घरी जाते.

तुझीच,
ताई