खाली येतंय, वर जात न्हाय

मुरुमजवळनं, रविवार

ती. बिराप्पाअण्णा यांना धाकट्या हरणाबाईचा दंडवत. गुडघा कसा हाय? तेल लावत नसणार, मला ठाऊक हाय. वहिनीला नमस्कार. इकडं सगळे खुशाल, मी सोडून.

अण्णा, तुम्ही पोलीस वायरलेसातनं रिटायर झालात आन भाचीला दोन रेडिओ देऊन मोकळे झालात. प्रतीक्षानं परीक्षा देऊन त्यावर बोलायचा परवाना काढला. आता एकाचा आवाज झेलून दुसऱ्यांकडं खाली फेकणारा तो उपग्रह डोक्यावरनं जातो ती दहा मिनिटं ती माळवदावर बोलती, आन मी अँटेना धरून त्याच्या मागं मागं फिरवती. (पाइपाला मोजायच्या टेपच्या पट्ट्या लावल्यात. लांब पट्ट्या आवाज वर धाडायला, आखूड पट्ट्या वरचं ऐकायला.) महिना झाला, लोकांचं बोलणं खणखणीत खाली येतंय, आमचं कुणालाच ऐकू जात न्हाय. धनी अंगणातनं वरडतात, "आभाळात कुणाला हाका मारताय? मेंढरं इकडं हायत!" पोरगी रडकुंडीला आली. म्हणली, "आई, मामाला परत देऊ सगळं." म्या म्हणलं, गप. आवाज गेल्याबिगर मी सोडत न्हाय.

मग एकेक धरलं. ब्याटरी भरली. बोलण्यासंगं एक बारीक सूर धाडावा लागतो, तवाच उपग्रह दार उघडतो म्हणे. तो बी बरोबर. वायर बदलली. (विकतची. धन्यांच्या विहिरीवरल्या मोटारीची न्हाय, त्यांना काय बी वाटू द्या.) मग प्रतीक्षा लांब पट्ट्या मोजाय बसली आन म्हणली, "ह्या कमी कशा भरतात?" आता खोटं कशाला बोलू? शिडी चढताना पदरात अडकायच्या, म्हणून लोकर कातरायच्या कातरीनं दोन्हीकडनं चार-चार बोटं म्याच उडवली होती. पोरीनं कातर उचलून कुलपात ठेवली. चूक तुमची, अण्णा. पट्टीला कातर लावायची न्हाय, हे कुणी सांगायचं?

काल सकाळी नव्या पट्ट्या लावल्या. पोरीनं हाक दिली, आन तिचाच आवाज वर जाऊन दुसऱ्या रेडिओतनं परत आला! मागनं नागपूरची एक बाई बोलली. म्हणली, "अँटेना कुणी धरलीय? आवाज जरा बी तुटत न्हाई." म्या रेडिओला हात घातला, तर पोरगी मागं सरली. "आई, परवाना न्हाय तुझा." चौकशी माझी, आन उत्तर दुसऱ्यानं द्यायचं? तवर उपग्रह गेला बी.

थांबती. मेंढरं सोडायचीत.

तुमची हरणा

ता. क. हे पत्र पोरीसाठी न्हाय, माझ्यासाठी हाय. परवान्याच्या परीक्षेचं पुस्तक धाडा, मोठ्या अक्षराचं. चौथी शिकलेल्या बाईला बसू देतात का, ते विचारत बसू नका. परीक्षा कधी हाय, तेवढंच विचारा.