पेंढ्यात बांधलेली पेटी

ता. १४ मार्च

चि. गुंड्यास,
ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा आणि तुझे दाजी, दोघंही सकाळी उठल्या उठल्या कुरकुरतात. थोरली नोकरीला लागली. तुमचं कसं चाललंय ते विचारत नाही, कारण तू सांगशील ते मला पटणार नाही. का, ते पुढे येईलच.

तू पाठवलेला दुकानाचा माल इकडच्या बंदरावर आला. कपबशांच्या सगळ्या पेट्या सुटल्या, एक अडकली. तिच्यावर लाल पट्टी चिकटवून मला बोलावून घेतलं. तपासणीच्या शेडमध्ये टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, वर डोळे दिपवणारा दिवा. तपासणी करणारी बाई आपल्या थोरलीच्याच वयाची. हातमोजे घालून तिनं पेटीतून मूठभर पेंढा उपसला आणि कागदावर झटकला. बारीक तपकिरी किडे चालायला लागले.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"पेंढा," मी म्हटलं.

"ते मलाही दिसतंय."

मग तिनं मला नियम ऐकवला. पेंढा नाही, गवत नाही, सालीसकट लाकूड नाही. त्यातून कीड येते, तणाचं बी येतं, आणि एकदा का ते इकडच्या शेतात शिरलं की कुणाच्या बापाला आवरत नाही. मी मान खाली घालून ऐकलं. अरे, हीच सूचना मी तुला फोनवर वाचून दाखवली होती ना? आणि तू म्हणालास, "हो गं ताई, पाठ झालंय. आता नुसता कागद आणि फोम."

तुला माझा स्वभाव माहीत आहे. दूध पातळ लागलं तर मी आधी गवळ्याकडे बघते, मग म्हशीकडे. पहिला संशय मी बंदरातून माल सोडवून देणाऱ्या आपल्या क्लिअरिंग एजंटवर घेतला. हा माणूस घरातसुद्धा गॉगल घालतो, त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा? मग वाटलं, माझ्या दुकानासमोरच्या दुकानदारानं कुणाला तरी हाताशी धरून पेंढा कोंबला असेल. परवापासून तो मला बघून फार गोड हसतोय. त्या तपासणीवालीकडेही मी दोनदा रोखून पाहिलं, खोटं कशाला सांगू.

पण मग तिनं एक कप बाहेर काढला. त्याच्याभोवती पेंढ्याची वेणी होती, कानातून ओवलेली, टोक आत दाबलेलं. गुंड्या, अशी वेणी जगात तिघांनाच घालता येते. मी बांधली नाही. तू डावखुरा, तुझा पीळ उलटा पडतो. हा पीळ बाबांचा होता.

तू तर सांगितलं होतंस की बाबांनी पेट्या बांधायचं काम सोडलं. आता आरामात असतात, सकाळी पेपर वाचतात, दुपारी फिरून येतात. मी फोन केला की मात्र झोपलेले असतात. सकाळी झोपलेले, संध्याकाळी झोपलेले. माणूस आहे की मांजर? तुझ्या बायकोला विचारलं तर ती म्हणते, "थांबा हं, ह्यांना देते," आणि फोन तुझ्याकडे येतो. मला वाटायचं, बाबा माझ्यावर रागावलेत आणि तुम्ही दोघं झाकताय.

पेटी रिकामी होत गेली. एका कपाला तीन-तीन वेण्या, शेजारच्याला एकही नाही, तो फुटलेला. एक वेणी अर्ध्यात सोडलेली. बाबांनी आयुष्यात कधी अर्धी वेणी सोडली नाही, हे तुला सांगायला नको. मग तिनं किटलीचं झाकण काढलं. आत आणखी एक वेणी होती, अगदी नीट, घट्ट. तिनं चिमट्यानं ती उलगडली आणि आतून बाबांचा चष्मा निघाला. डाव्या काडीला तोच काळा दोरा.

"किटलीत चष्मा कोण पॅक करतं?" तिनं विचारलं.

मी तिथल्या स्टुलावर बसले. मग बाबा पेपर कशानं वाचतात रे?

मग माझं मलाच उमगलं. त्यांना करमावं म्हणून तू त्यांना पुढ्यात पेंढा आणि कप देऊन बसवत असशील. ते उठून आत गेले की सगळं उलगडून पुन्हा कागदात बांधत असशील. ही एक पेटी तुझ्या नजरेतून सुटली. खरं ना? मी तुझ्यावर चिडले आहे, आणि तू एकट्यानं हे करत बसलास म्हणून रडायलाही येतंय. दोन्ही एकदमच होतंय, मी काय करू?

माल कुणी बांधला, हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तुझ्या नावावर नियम मोडल्याचा ठपका बसला तर तुझा माल इकडे येणं बंद. तरी मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "माझ्या वडलांनी बांधला. त्यांना आता आठवत नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, तेही एका परक्या बाईसमोर. पेंढा जाळायला गेला. चष्मा औषधानं पुसून तिनं माझ्या हातात दिला. यापुढे तुझी प्रत्येक पेटी उघडली जाईल, एवढ्यावर भागलं. उघडू देत.

मी येतेय. तिकीट काढलं आहे. "कशाला उगीच" असं म्हणायला फोन करू नकोस.

फोन करायचाच असेल तर बाबा जागे असताना कर आणि त्यांच्या हातात दे. माझं नाव त्यांना आधीच सांगून ठेवू नकोस. ते मला ओळखतात की नाही, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझ्यावर आता विश्वास नसलेली, तरी तुझीच,
ताई