दिशेचा रकाना

नवागाम, सुरत
२ मार्च १९९८

ती. भिकनमामांस,
नूतनचा सा. न. वि. वि.

ललितदादा, वहिनी आणि मी ठीक आहोत. वहिनी म्हणते, मामंजींनी चहात पुन्हा साखर घातली तर आम्हाला इथे बसून कळेल.

एका अडचणीसाठी लिहिते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी लेसरचा प्रकाश एका फिल्ममधून सोडते. फिल्मवरच्या रेघांमुळे प्रकाशाला सुतासारखा पीळ पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. वाटेत मधोमध एक बारीक उभी तार ताणली की पलीकडच्या पडद्यावर, तारेच्या सावलीत, उभ्या पट्ट्या उमटतात. पीळ असेल तर त्या वाकतात. वरून खाली जितक्या पट्ट्या सरकतात तितके पीळ. ज्या बाजूला सरकतात त्यावरून दिशा.

अशा चार फिल्म आहेत; कुठलीत किती पीळ आणि कुठल्या दिशेचा, ते आधीच ठाऊक आहे. संख्या बरोबर येते. दिशा चारही फिल्मना उलटी येते. सर म्हणतात, दिशेचा रकाना काढून टाक, पास होशील. पण अहमदाबादच्या संशोधन संस्थेला पीएच.डी.च्या प्रवेशासाठी दोन्ही मापे हवी आहेत. अहवाल वीस तारखेला द्यायचा आहे. पिळाच्या कारखान्यात तुम्ही बावीस वर्षे काढलीत. तिथे पीळ कधी असा उलटा निघायचा का?

आई जूनमध्ये माझे लग्न ठरवायचे म्हणते. तिच्यापाशी अहमदाबादचे बोलू नका.

माया आहे तशी राहू द्यावी.
नूतन

•

पारोळा
८ मार्च १९९८

चि. नूतन हिस अ. आ.

सुनेला सांग, डॉक्टरने साखर बंद केली आहे. मी गूळ घालतो.

तुझा प्रकाश मला समजला नाही. सूत समजते. सूत उलटे धर, टोक बदल, पाठ फिरव, पीळ तोच राहतो. आरशात मात्र उलटा दिसतो.

आमच्या मालकांकडे, मगनभाईंकडे, पीळ देणाऱ्या चात्यांची मागची ओळ भिंतीला चिकटून होती. वाकून पाहायला जागा नाही, म्हणून भिंतीवर आरसा. पहिल्याच महिन्यात मी त्यात पाहिले, पीळ चुकतोय असे समजलो आणि अख्खी ओळ उलटी फिरवली. दिवसभराचे सूत वाया. मगनभाई सगळ्यांना म्हणाले, उद्यापासून भिकनला दाढीलासुद्धा आरसा देऊ नका.

तुझ्या वाटेत कुठे आरसा आहे का बघ. रकाना काढू नकोस. अर्धे माप सांगणाऱ्याला आम्ही मशिनवर उभे करत नव्हतो.

तुझ्या आईला बोललो नाही. पण ती माझी बहीण आहे, तोंडाकडे बघते.

तब्येतीस जप, पत्र टाकत जा.
भिकन

•

नवागाम, सुरत
१७ एप्रिल १९९८

ती. मामांस,
नूतनचा सा. न. वि. वि.

आरसा होता. टेबल आखूड, म्हणून प्रकाश वळवून घ्यायला जानेवारीत मीच लावला होता. आकृतीतही काढला होता. गणितात धरला नाही.

टेबल उचलून व्हरांड्यात नेले, पडदा लांबच्या भिंतीवर लावला, आरसा काढला. चारही दिशा बरोबर आल्या. आरसा परत ठेवला, चारही उलटल्या. दोन आरसे ठेवले, पुन्हा बरोबर. अहवालात तिन्ही रकाने दिले. सर म्हणाले, एवढे कशाला. मी म्हणाले, तिन्ही मोजले आहेत. परीक्षकांनी तेवढ्याच पानावर अर्धा तास विचारले.

काल अहमदाबादचे पत्र आले. प्रवेश मिळाला. जुलैत जायचे, पाच वर्षांसाठी. आईने मात्र चोपड्याच्या मंडळींना जूनमध्ये मला बघायला बोलावले आहे. मी तीन वेळा पत्र लिहायला घेतले आणि फाडले. तुम्ही सांगाल का?

रागावू नये, लोभ कमी करू नये.
नूतन

•

पारोळा
२६ एप्रिल १९९८

चि. नूतन हिस अ. आ.

सांगितले. आधी ती म्हणाली, तू तिना मामा शे का वैरी शे? मग दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही. चहा पाठवला, तोही बिनगुळाचा.

तिसऱ्या दिवशी आली आणि पाच वर्षांनी तुझे वय किती होईल ते बोटांवर मोजले. माझ्याकडून पुन्हा मोजून घेतले. चोपड्याला नाही म्हणून पत्र लिहायला लावले, तिने सांगितले तसे मी लिहिले. पत्र बंद केल्यावर तिने विचारले, अमदावादला भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याचे पीठ दळून मिळते का. मी म्हणालो, मिळते.

मला माहीत नाही. तपासून लवकर कळव. ती रोज विचारते.

सगळ्यांचा आशीर्वाद आहेच.
भिकन