पिळाच्या शिंगांचा बोकड

भूम

प्रिय शिवकन्या,

आधी घरात कुणाला ताप, अंगदुखी आहे का ते बघ, मग बसून वाच. नवऱ्यामागच्या इद्दतीत असल्यानं मला बाहेर पडता येत नाही, आणि फोनवर बोलायला गेलं की घरातले ऐकतात. चाँदबीखाला लेकीकडं सोलापूरला निघाल्यात. वाटेत तामलवाडीला उतरून त्या हे पत्र तुझ्याच हातात देतील.

मुजफ्फर गेल्याचं तुला कळलं. कशानं गेले, ते आम्ही कुणालाच सांगितलं नाही. ते आपल्याकडच्या शेळ्या टेम्पोत घालून गुजरातला गेले होते. येताना पिळाच्या शिंगांचा एक काळा बोकड आणला. अंगणात उभा करून म्हणाले, "निखत, नवरदेव बघ कसा हाय!" त्याच्या कानांत गोचीड भरली होती. ती एकेक काढून दगडावर नखानं चिरडत बसले. आपण सगळे लहानपणापासून तेच करतो, तूही केलंयस.

मग ताप आला. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठं प्रवासाला गेला होता का? तर हसून म्हणाले, "बकऱ्यांमागं हिंडणाऱ्याला कसला प्रवास, साहेब? घरीच हाय." साध्या तापाच्या गोळ्या मिळाल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा सोलापूरला नेलं. तिथं कळलं, काँगो ताप. त्याचा विषाणू गोचिडीत आणि जनावराच्या रक्तात असतो म्हणे. जनावराला काहीच होत नाही, ते चरतं, उड्या मारतं. माणूस मात्र जातो. गुसलची शेवटची आंघोळ घालायला त्यांचं अंग आम्हाला मिळालं नाही. गुंडाळलेलंच पुरलं. मी तोंडसुद्धा पाहिलं नाही.

नंतर आरोग्य खात्याची माणसं आली. नवं जनावर आणलंय का, असं त्यांनी विचारलं. माझे दीर खाजाभाई म्हणाले, "एकबी न्हाय." बोकड त्यांनी आधीच शेतात नेऊन बांधला होता. त्यांच्यावर चिडू नकोस. या रोगाचं नाव फुटलं तर आमची शेळी कुणी घेणार नाही, आणि आता घर त्यांच्यावरच चालतंय.

काल जेवताना ते म्हणाले, "बोकड तामलवाडीच्या मल्लिनाथअण्णांनी नेला. चांगल्या घरी पडला." तुझे सासरे. शिवकन्या, बोकड गुटगुटीत दिसतोय म्हणून फसू नकोस. पोरांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नको. गोचिडीला उघडा हात लावू नका, चिरडू तर नकाच. आजच जनावरांच्या डॉक्टरांना बोलव. कुणाचं अंग तापलं, तर डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नको. बोकड कुठून आला, ते तूच आधी सांग. कुणी सांगितलं असं अण्णांनी विचारलं, तर माझं नाव घे. मग खाजाभाई मला या घरात ठेवोत न ठेवोत, ते माझं मी बघेन.

तुझीच,
निखत