कॅमेरा नंबर दोन

२० फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण, शेतावर कॅमेरे बसले आणि अशा कामाचं रेकॉर्ड असावं. शेतावर कॅमेरा असणारा बपेऱ्यात मी पहिलाच. तालुक्यातही असेन, चौकशी केलेली नाही.

शेत घरापासून सव्वा किलोमीटर. तिथे मोबाईलची रेंज नाही, म्हणून वायरलेस ब्रिज. एक डबा माझ्या गच्चीवर, दुसरा मोटारीच्या खोलीवर, दोघांची तोंडं समोरासमोर. तुमसरहून कैलाश आला होता, त्याने बसवलं. म्हणाला, "गुरुजी, या दोघायले एकमेकाचं तोंड दिसलं पाहिजे. मधात काही आलं का झालं, बंद." मी त्याला सांगितलं की प्रकाश सरळ रेषेत जातो हे मी पोरांना बत्तीस वर्षं शिकवलं आहे. तू स्क्रू आवळ.

मग तो कॅमेऱ्यातला आवाज कसा ऐकायचा ते सांगू लागला. थांबवलं. चोर पकडायला चित्र पुरतं.

कॅमेरा नंबर एक मोटारीवर. नंबर दोन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर.

२१ फेब्रुवारी
मुलीचा, कामिनीचा, पुण्याहून फोन. आठवड्यातून एकदा येतो. धुऱ्यावर चोरण्यासारखं काय आहे, असं विचारत होती. म्हटलं, धुराच.

इथे लिहून ठेवतो. दादाने, म्हणजे टिकारामने, अकरा वर्षांपूर्वी आमच्या दोघांच्या शेतांमधला धुरा हातभर माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून बोलणं बंद. मोजणी केली नाही. गरजच नव्हती, मला नजरेनेच कळलं. तो राहतो शेताजवळच्या टोलीत, मी गावात. त्यामुळे समोरासमोर यायचा प्रश्न नाही. कामिनीची आई गेली तेव्हा आला होता. मागे उभा राहिला, गेला. मीही काही बोललो नाही.

कॅमेरा सुरक्षेसाठी आहे. माणसासाठी नाही.

२ मार्च
समोरच्या पार्टीची दिनचर्या टिपली. साडेनऊला येतो. धुऱ्याच्या मधोमध मोहाचं मोठं झाड आहे, त्याच्या बुडाशी बसतो. डबा सोडतो. दहाला उठतो.

नजर चुकू नये म्हणून मी माझा नाश्ताही साडेनऊला घेतला आहे. टेबलावर मोबाईल उभा करायला स्टीलचा पेला बरोबर बसतो.

१९ मार्च
मोह गळायला लागला. गंभीर प्रकार.

बाबांच्या वेळचा नियम असा की झाड धुऱ्यावरचं, म्हणून दोघांचं. फुलं कोणीही वेचो, ढीग दोन पडले पाहिजेत. भांडणानंतर मी माझा हिस्सा सोडून दिला होता. आज पाहिलं तर त्याने वेचून दोन ढीग केले. एक टोपलीत भरला. दुसरा पळसाच्या पानांवर, धुऱ्याच्या माझ्या बाजूला ठेवून निघून गेला.

डाव लक्षात आला. आधी फुलं ठेवायची, मग हळूहळू जागा आपली म्हणायची. स्क्रीनशॉट घेतला. पुरावा क्रमांक एक.

२७ मार्च
पुरावा क्रमांक नऊ. ढीग रोज ठेवतो, अगदी सारखा. दुपारी टोलीतल्या शेळ्या येऊन पुरावा खातात.

निश्चय: काही झालं तरी ते फूल उचलायचं नाही.

५ एप्रिल
आज स्क्रीन अचानक काळी झाली. मग कळलं, तो दुपट्टा होता. टिकाराम कॅमेऱ्यावरचं कोळ्याचं जाळं पुसत होता! माझ्या मालमत्तेला हात. पुसून झाल्यावर कॅमेऱ्यात तोंड घालून उभा राहिला. ओठ हलत होते. शिव्याच असणार. आवाज बंद ठेवला ते बरं केलं.

माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण दिसतो सोळा वर्षांनी. पुढचे दोन दात गेलेत. कधी गेले कोण जाणे.

चित्र मात्र फार स्वच्छ येतंय.

१३ एप्रिल
रोज येऊन शिव्या देतो. अर्धं मिनिट, कधी दोन. माणूस पहिल्यापासून नियमित. मी पोह्यांचा घास तोंडात ठेवून शांतपणे ऐकून घेतो. म्हणजे पाहून घेतो.

१७ एप्रिल
आला नाही. साडेदहापर्यंत पाहिलं, नंतर अधूनमधून पाहिलं. पोहे खाल्ले नाहीत. मीठ कमी होतं.

१८ एप्रिल
आला. डोळ्याला हिरवी पट्टी. ऑपरेशन झालेलं दिसतं. मुलगा भुपेंद्र नागपूरला; सोबत कोणी गेलं होतं का नाही, कळायला मार्ग नाही. मला काय करायचंय म्हणा.

पोहे चांगले झाले.

४ मे
त्याने हद्द केली. साडेनऊला कॅमेऱ्यासमोर आला, एक हात वर केला आणि तसाच उभा. मी उठेपर्यंत हात खाली नाही. अकराला पाहिलं, उभाच. दुपारी एकला, पंचेचाळीस डिग्रीत, उभाच! याला म्हणतात हट्ट. बाबांवर गेलाय.

५ मे
अजून उभा आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने उन्हात एवढं उभं राहू नये. कोणीतरी सांगायला पाहिजे. कैलाशला फोन केला.

६ मे
चित्र गोठलं होतं. परवापासून ब्रिज बंद आहे. मला शंका होतीच.

कैलाश शेतावर जाऊन आला. म्हणाला, "गुरुजी, आपण लावलं तवा मोहाले पान नवतं. आता पालवी आली. एक फांदी बराबर मधात येऊन राहिली." ती तोडली की झालं. मी म्हटलं, झाड दोघांचं आहे, एकट्याने तोडता येत नाही. तो म्हणाला, मग विचारा त्यायले. किती सोपं!

तो असंही म्हणाला की दादा तिथे भेटले, काय बिघडलं म्हणून विचारत होते, त्याने सगळं सांगितलं. म्हणजे माझ्या सुरक्षेची माहिती फुटली. कैलाशला चांगलं झापलं.

७ मे
निश्चय: उद्या टोलीत जायचं. उभ्याउभ्या, दोन वाक्यांत, फांदीचं सांगायचं. चहा घ्यायचा नाही.

८ मे
ऊन फार.

९ मे
ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. विषय: मोहाचे झाड सार्वजनिक सुरक्षेस अडथळा ठरत असलेबाबत. तीन पानं झाली. पहिल्या पानातच झाडाखाली आम्ही लहानपणी झोपायचो वगैरे आलं. ते खोडायला हवं. अर्ज पाठवला नाही.

१४ मे
तांत्रिक अडचणीला तांत्रिक उत्तर. गच्चीवर पंधरा फुटी पाईप उभा केला, डबा त्यावर. झाड पन्नास फूट आहे. काही दिसलं नाही.

चार वेळा पाईप फिरवून पाहिला. नाश्त्याच्या वेळी पेल्याला मोबाईल टेकवून ठेवतो. सवयीने.

२४ मे
यश! साडेनऊला बसलो तर चित्र आलेलं. काल सकाळी पाईप थोडा पूर्वेकडे वळवला होता त्याचा परिणाम. कैलाशला कळवलं की तुझ्याशिवाय झालं.

मोह जरा लहान दिसतोय. लेन्सचा दोष असावा. झाडाखाली कोणी नाही.

२५ मे
नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. कोणी नाही.

२८ मे
कोणी नाही. पाईप पाहून घाबरला असणार. विजय म्हणायला हरकत नाही. कामिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, एकदा जाऊन या ना. म्हटलं, सिस्टीम चालू असताना जायची गरज काय.

१ जून
नाश्ता साडेआठलाच उरकला. वाट पाहायचा प्रश्नच नव्हता. साडेनऊला सहज बसलो.

३ जून
कैलाश आला. स्क्रीन पाहून म्हणाला, फांदी तोडली वाटते कोणी. मी पाईपचं सांगितलं. तो हसला नाही.

म्हणाला, ब्रिज बंद असला तरी कॅमेऱ्यातल्या कार्डात सगळं साठत राहतं, मागचं पाहता येतं. मग मला न विचारता स्पीकरचं चिन्ह दाबलं. पाखरं ओरडायला लागली. माझ्या शेतातली पाखरं, माझ्या टेबलावर.

ऐकलेलं जसंच्या तसं लिहितो.

५ एप्रिल: "नत्थू, जेवला का रे?"
६ एप्रिल: "नत्थू, जेवला का?"
१३ एप्रिल: "तुह्या वाटणीचा मोह ठेवून राहिलो रोज. बकऱ्या खाऊन राहिल्या ना बे. ये, घेऊन जा."
१८ एप्रिल: "डोयाचं आपरेशन केलं. आता तुले पाहाले बरं."
४ मे, हात वर करून: "काहून येत नाई रे? मी तं रोज हात दाखवतो."

२३ मेच्या दुपारी खांद्यावर कुऱ्हाड. धापा टाकत होता. "कैलाश म्हणे फांदी मधात येते. तोडली. आता दिसतो का मी तुले?" मग बराच वेळ कॅमेऱ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भुपेंद्र न्यायले आला हाये. उद्या जाऊन राहिलो नागपूरले, पोराकडेच राहाले. सकाळी नऊ वाजेपावतो हितंच बसतो."

२४ मे. पावणेसातपासून मोहाखाली बसलेला. पायाशी पिशवी. नऊला भुपेंद्र आला, पिशवी उचलली. दादाने दोनदा मागे वळून पाहिलं.

मी बसलो साडेनऊला.

कैलाश कधी गेला, लक्षात नाही.

४ जून
साडेनऊला शेतावर गेलो. देखभालीसाठी. टोलीतल्या घराला कुलूप आहे.

तोडलेली फांदी धुऱ्याच्या कडेला नीट रचून ठेवलीय, दोन ढिगांत. धुरा पाहिला. मोह अजून त्याच्या मधोमध आहे, बाबांच्या वेळी होता तसाच. झाड काही सरकत नाही. म्हणजे धुराही. एवढं साधं बत्तीस वर्षं शिकवणाऱ्याला अकरा वर्षांत दिसलं नाही.

कामिनीने भुपेंद्रचा नंबर पाठवलाय. आज नेमकं त्यांच्या जेवणाची वेळ झाली असेल. उद्या करतो. नक्की.

येताना कॅमेरा पुसला. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून समोर उभा राहून म्हटलं, "जेवलो, दादा."

घरी येऊन ते चारदा ऐकलं. आवाज अगदी क्लिअर येतो. सिस्टीममध्ये काही दोष नाही.